गॅरेजवाल्याला विचारा : सायलेन्सर, चलान आणि पळणारे रोही

या खेपेच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं सायलेन्सरची निघाली. त्यामुळे बॅटरी आणि विम्याचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत, ज्यांचे राहिले त्यांनी राग धरू नये.

प्रश्न : भाऊ, मी दारव्हा तालुक्यातला. सोयाबीनच्या पैशात जुनी ३५० सीसीची बुलेट घेतली अन् तिला मोठ्या आवाजाचा इंदोरी सायलेन्सर बसवला. तालुक्याच्या चौकात पोलिसांनी अडवलं, चलान फाडलं आणि ओरिजनल बसवून गाडी दाखवायला आणा म्हणाले. दुकानदार म्हणतो, कायद्यात ८० डेसिबल चालते आणि हा सायलेन्सर ८० च्या आत आहे. मोबाइलच्या ॲपवर ७८ दाखवते. पीयूसीही ताजी आहे. मग चलान काऊन? कोर्टात जाऊ का?

कोर्टाच्या आधी दुकानदाराकडे जा. ८० चा आकडा त्याने खरा सांगितला, पण अर्धाच सांगितला.

हा आकडा पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधला आहे. १ एप्रिल २००५ पासून दुचाकीच्या आवाजाच्या तीन पायऱ्या लागू आहेत : ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि १७५ च्या वर ८०. तुमची बुलेट तिसऱ्या पायरीवर येते. पण ही मर्यादा गाडी कारखान्यात तयार होते तेव्हाची. मोकळ्या मैदानात, गाडी जाते त्या रेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीला माइक लावतात. गाडी ठरलेल्या वेगाने येते, माइकच्या टापूत शिरताच ॲक्सिलरेटर पूर्ण पिळतात आणि समोरून जाताना जास्तीत जास्त जो आवाज भरतो तो लिहून घेतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था हे तपासून मॉडेलला मंजुरी देतात. त्या मैदानावर तुमच्या बुलेटची बहीण कंपनीच्या सायलेन्सरनिशी धावली आणि पास झाली. इंदोरी तिथे कधी गेलाच नाही. तो ८० च्या आत आहे हे दुकानदाराला कोणी मोजून दिलं, ते त्याला विचारा. पाकिटावर युरोपातल्या मान्यतेचा शिक्का असेल तर तो दाखवेल, पण तो शिक्का तिकडच्या गाड्यांसाठीचा आहे. आपल्याकडच्या मंजुरीच्या जागी तो चालत नाही.

आता ॲप. तुम्ही कुठे उभं राहून मोजलं ते लिहिलं नाही, पण अंदाज सांगतो : गाडी डबल स्टँडवर, इंजिन आयडलवर आणि मोबाइल हातात. आयडलचा आकडा आणि पूर्ण पिळलेल्या ॲक्सिलरेटरचा आकडा यांची तुलनाच होत नाही. शिवाय मोबाइलचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, मोजमापाला त्याचं कॅलिब्रेशन झालेलं नसतं.

त्याहून मजेची गोष्ट वेगळीच आहे. कायद्यातला डेसिबल 'ए' मापाचा असतो. माणसाच्या कानाला खर्जाचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून हे माप खर्जाचा हिस्सा वजा करूनच आकडा दाखवतं. ५० हर्ट्झच्या आवाजातून तर तब्बल ३० डेसिबल वजा होतात. एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला २५ ठोके. बुलेटच्या आवाजाचा पाया तिथे, अगदी खालच्या पट्टीत आहे. म्हणून मीटर गप्प बसतं आणि शेजारच्या म्हातारीच्या घरावरची टिनं थरथरतात. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीला जुमानत नाही, लांबही जातो. त्यातून थंडीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असली की वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत पांदणीतून निघालेली बुलेट शेजारच्या गावाला ऐकू जाते ती अशी.

पीयूसीचं म्हणाल तर त्या नळीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. आवाजाशी तिचा काही संबंध नाही. कानठळ्या बसवणारी गाडीही पीयूसी पास होऊ शकते.

कायद्याचं सांगतो, कारण चौकात सगळं तोंडी चालतं आणि घरी येईपर्यंत कलम विसरलेलं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा नियम म्हणतो की प्रत्येक गाडीला, ट्रॅक्टरलासुद्धा, शक्य तितका आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि प्रदूषणाच्या निकषांचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद, अशी त्यात तरतूद आहे. सायलेन्सरला बगल देऊन धूर थेट बाहेर सोडणारा कट-आउट लावला असेल तर १९४एफ : पहिल्यांदा हजार, पुन्हा सापडलात तर दोन हजार. गाडीत परस्पर फेरफार केल्याचं कलम ५२ आणि त्याची शिक्षा १८२ए(४) मध्ये, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये. जागच्या जागी मिटवायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून चलानवरचा आकडा याहून वेगळा दिसेल. तुमच्या चलानवर कोणतं कलम आहे ते आधी वाचा. ५२ असेल तर वकील म्हणेल, आरसीत सायलेन्सरचा उल्लेख कुठे आहे? मुद्दा बोलायला बरा आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही असं सांगितलेलं आहे, आणि १९०(२) लागलं असेल तर हा मुद्दा उपयोगाचाच नाही. तारखांना कोर्टाच्या चकरा मारण्यापेक्षा ओरिजनल बसवा.

ओरिजनल भंगारात दिला नसेल अशी आशा आहे. माझ्या गॅरेजच्या बाकाखाली कंपनीचा एक सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरून ठेवलेला आहे. पोट्टे वाद घालायला आले की तो काढतो. आत पत्र्याचे पडदे घालून तीन खोल्या केलेल्या. पहिल्या नळीतून आलेला धूर शेवटच्या खोलीत जातो, तिथून दुसऱ्या नळीने मागे वळून मधल्या खोलीत येतो आणि तिसऱ्या नळीने बाहेर पडतो. नळ्यांना बारीक बारीक छिद्रं. प्रत्येक वळणावर धुराचा धक्का फुटतो, काही लाटा उलट फिरून एकमेकींना मारतात. बोट घालून बघितलं की पोरं गप्प होतात, कारण आत काहीच नसतं असं त्यांना वाटत असतं. इंदोरी चिरला तर बहुतेक वेळा एक सरळ छिद्रांची नळी आणि भोवती काचेची लोकर, एवढंच निघतं. ती लोकर उष्णतेने हळूहळू जळते, उडून जाते. म्हणजे आज जो आवाज आहे तो वर्षभराने आणखी चढणार. शेपटीतला डीबी किलर, म्हणजे एका बोल्टवर बसणारी ती छोटी छिद्रांची नळी, घरून निघताना काढायची आणि नाक्याआधी बसवायची ही कसरतही आता पोलिसांना पाठ आहे. राज्यातल्या शहरांत रोडरोलरखाली घातलेल्या सायलेन्सरांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्या ढिगात डीबी किलरवाले कमी नव्हते.

आणि फटाके फोडत असाल तर ते आजच थांबवा. चालत्या गाडीचा स्विच बंद-चालू केला की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जातं आणि तिथे पेट घेतं, तो आवाज. व्हॉल्व्ह त्याने खराब होतात. बंडीला जुंपलेली जोडी बुजली तर काय होतं ते तुम्ही शेतकऱ्याचे लेक असल्याने मी सांगायला नको.

प्रश्न : काका, नमस्कार. मी पुसद तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेला लागूनच आरोग्य उपकेंद्र आहे. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटायच्या वेळी तीन-चार मुलं मोठ्या आवाजाच्या गाड्या घेऊन मुद्दाम फेऱ्या मारतात. त्यातली दोन माझीच जुनी विद्यार्थी. शाळा म्हणजे शांतता क्षेत्र ना? ग्रामपंचायतीने ठराव करून दंड लावला तर चालेल का?

ताई, शांतता क्षेत्राच्या भानगडीत पडू नका. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा टापू सांगितला आहे हे खरं, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने रीतसर जाहीर केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र धरलं जात नाही. तुमच्या गावचं जाहीर झालंय का, याची कागदपत्रं काढण्यात सत्र संपेल. त्या नियमांमधले वस्तीचे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे आकडेही एका गाडीला लावायचे नसतात, ती परिसरातल्या एकूण आवाजाची सरासरी आहे. अर्जात ते घातले की समोरचा त्यावरच फाटे फोडतो.

त्याची गरजही नाही. बदललेला सायलेन्सर शाळेसमोर असो की नाल्यापलीकडे, वरच्या उत्तरातली कलमं सगळीकडे लागतात. दंड करायचा अधिकार पोलिसांना आणि आरटीओला आहे. ग्रामपंचायतीचा ठराव पाठिंब्याला जोडा, पण पंचायतीने परस्पर पैसे घेतले तर उलट तीच अडचणीत येईल.

करायचं एवढंच : गाडीचा नंबर, वार, वेळ आणि कुठून कुठे गेली, हे वहीत लिहा. व्हिडिओ काढायचा तर नंबरप्लेट दिसेल असा, मुलांचे चेहरे टिपायच्या नादात नंबर सुटतो. मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज ठाण्यात द्या, पोच घ्या, एक प्रत पोलीस पाटलाला. गावातल्या अशा गोष्टी ठाण्याला कळवणं हे त्याचं कामच आहे. फेऱ्या चालू असतानाच मदत हवी असेल तर ११२.

हे सगळं करण्याआधी मात्र गाडीचा हप्ता कोण भरतं ते शोधा. आमच्याकडे गाडी पोराच्या नावावर आणि हप्ता बापाच्या कापसावर असतो. त्या बापाला शाळेत बोलावून, "दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद" हे एक वाक्य ऐकवा. जुनी विद्यार्थी आहेत म्हणता, तर मास्तरीणबाईंचा शब्द ठाणेदाराच्या नोटिशीआधी पोचू द्या. नाहीच ऐकलं तर वही आहेच.

प्रश्न : माझी १०० सीसीची गाडी बारा वर्षांची आहे. सायलेन्सर खालून सडला, गाडी फटफट करते. कंपनीचा महाग पडतो. वेल्डिंग करून घेऊ, की बाजारातला साधा टाकू? साधा टाकला तर मलाही चलान येईल का? मला आवाज नको आहे, उलट कमीच पाहिजे. — एक शेतकरी, मोर्शी

बुलेटवाल्यांपेक्षा गावात हा प्रश्न जास्त लोकांचा आहे, फक्त तो कोणी विचारत नाही.

आधी सायलेन्सर का सडतो ते सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ल्याला सायलेन्सर नीट तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पण तुमची गाडी सकाळी घरून वावरात, वावरातून डेअरीवर, डेअरीवरून घरी. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. सायलेन्सर तापायच्या आत गाडी बंद होते, वाफेचं आत पाणी होतं आणि काजळीत मिसळून आम्लासारखं तळाला बसतं. पत्रा आतून खातो. बाहेरून क्रोम चकचकीत असतं आणि एके दिवशी बोट लावलं की आत जातं.

यासाठीच बऱ्याच सायलेन्सरला तळाशी सुईएवढं छिद्र दिलेलं असतं. हिवाळ्यात सकाळी त्यातून थेंब थेंब पाणी पडताना दिसतं. लोक घाबरतात, सायलेन्सर लीक झाला म्हणतात आणि वेल्डरकडून तो ठिपका बुजवून आणतात. मग पाणी आतच मुरतं आणि राहिलेला पत्राही जातो. तुमचा सडलेला काढाल तेव्हा तळाला जुन्या वेल्डिंगचा डाग आहे का बघा.

वेल्डिंग करायचं का, ते पत्र्यावर आहे. छिद्राच्या आजूबाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजला तर टाका लागेल. भदभद वाजला तर पत्रा कागदासारखा झालाय, वेल्डरचा टाका शेजारचा पत्रा जाळत जाईल आणि महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही परत त्याच्याकडे. शिवाय आतले पडदे निखळले असतील तर बाहेरून कितीही शिवा, आवाज येणारच. गाडी बंद असताना सायलेन्सर हलवून बघा, आत खुळखुळला की सोडा त्याचा नाद.

बाजारातल्या साध्या सायलेन्सरचं म्हणाल तर त्यात दोन जाती आहेत. एक, कंपनीसारखाच आकार, आत पडदे, वजनाला थोडा हलका, आवाज ओरिजनलच्या आसपास. दुसरा, नुसतं नळकांडं. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकतात. हातात घेऊन वजन करा आणि मागून काडी घालून बघा : सरळ आरपार गेली तर परत ठेवा. काडी अडली तर बसवून, चालू करून, ऐकून मगच पैसे द्या. तुमच्या गाडीची पायरी ७७ डेसिबलची आहे. कागदावर बोलायचं तर हा सायलेन्सरही त्या मैदानावर तपासलेला नाही, आणि म्हणून परवडत असेल तर कंपनीचाच घ्या असं मी सांगेन. पण फटफट करणारा सडका सायलेन्सर तसाच वापरण्यापेक्षा पडद्यांचा साधा परवडला, चौकातही आणि घरातही. बिल डिकीत ठेवा. आणि पॅकिंग नवी टाका. सायलेन्सर बदलतात, आणि इंजिनच्या तोंडाशी असलेली काही रुपयांची ती गोल पॅकिंग जुनीच लावतात. मग तिथून फुसफुस होते आणि दोष नव्या सायलेन्सरवर येतो.

आठवड्यातून एकदा गाडी मोर्शी-वरुड रोडला अर्धा तास सलग चालवा. सायलेन्सर तापला की आतलं पाणी उडून जाईल.

प्रश्न : १५० सीसी, बीएस-६ गाडी आहे. फ्री-फ्लो (आत अडथळे नसलेल्या) सायलेन्सरने पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात असं व्हिडिओत सांगतात. खरं का? — एक विद्यार्थी, हिंगणघाट

नाही. आवाज वाढतो म्हणून पिकअप वाढल्यासारखं वाटतं. रेसच्या गाडीला इंजिनचं ट्यूनिंग बदलून, वरच्या आरपीएमला थोडी ताकद मिळते. तुमच्या कॉलेजच्या रस्त्यावर ती आरपीएम येत नाही, खालची ओढ मात्र बऱ्याचदा कमी होते. बीएस-६ गाडीच्या धुराच्या वाटेत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. पूर्ण नळी बदलली की कन्व्हर्टर जातो, सेन्सर चुकीचं सांगतो आणि मीटरवर पिवळा दिवा लागून राहतो. वॉरंटीचं भांडण वेगळं. त्या पैशात चांगले टायर येतील.

प्रश्न : बाप्पा, माह्या पोराच्या बुलेटचा आवाज आयकून रोही (नीलगाय) वावरातून पयते. तूर वाचली ना! तुम्ही त्याले सायलेन्सर काढ म्हन्ता, मंग जागलीवर कोन जाईन, तुम्ही? — एक काकाजी, आर्णी

काकाजी, जागलीवर येतो, चहा तुमचा. पण रोही आज पळतात ते आवाज नवा आहे म्हणून. नुसत्या आवाजाने आपलं काही होत नाही हे कळलं की जनावर बुजायचं सोडतं. फटाके, डबे, रेडिओ, सगळ्यांचं हेच झालं आणि रानडुक्कर तर त्याहून लवकर सरावतं. थोड्या दिवसांनी पोरगा धुऱ्यावर बुलेट रेस करील आणि रोही तुमच्याकडे बघत तूर खाईल. तोवर वावरात काय वाजवायचं ते वाजवा, फक्त गाडी डांबरीवर आणताना सायलेन्सर कंपनीचा असू द्या. आणि पोराला सांगा, जागलीला जाताना टॉर्च न्यावी. बिनलाइटच्या पांदणीत रोही गाडीला आडवा आला तर तोंडावर पडणारा माणूसच असतो.